जाड नांगी

नालछ्याच्या वाटेवर चिंचेखाली एक मांत्रिक विंचू उतरवायचा. मारलेला विंचू पानात बांधून सोबत आणायचा, अशी आमच्या धार संस्थानातली रीत. रोग्याकडे बघण्याआधी तो विंचवाची नांगी बोटांत धरून पेर न् पेर चाचपायचा. विंचू काळा, चिमटे मोठे आणि नांगी बारीक असली, की मंत्र नुसता पुटपुटायचा. तांबडा, काडीसारख्या चिमट्यांचा आणि जाड नांगीचा असला, की खड्या आवाजात म्हणायचा.

दरबारच्या कामानं तिथून जाताना मी एकदा त्याला कारण विचारलं.

"पतली वाले का तो अपने आप उतर जाता है, साब," तो म्हणाला. "मोटी पे मेरा बस नहीं. जोर से पढूँ तो माँ रोना भूल जाती है."

त्याच वैशाखात आमच्या धाकटीला विंचू चावला. चिंचेखाली नेलं तेव्हा ती घामानं गार पडली होती. हिनं पान सोडलं. विंचू तांबडा होता. मांत्रिकानं नांगी चाचपली, माझी नजर टाळली आणि असा आवाज लावला की वाटेवरचे गाडीवान थांबले.

ही रडायची थांबली. "किती मनापासून म्हणतोय! उतरेल ना हो?"

"उतरणार तर!" मी म्हणालो, त्याच्याइतक्याच मोठ्यानं.