जनरेटर बंद पडलेलं लग्न

दारव्ह्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. दहावीनंतर शिकलो नाही. भाड्याच्या कॅमेऱ्यावर लग्नं काढत काढत दुकान उभं केलं, त्यामुळे कोणी शहाणपण शिकवलं की माझं टाळकं सटकतं.

सोळा वर्षांची लग्नं आतल्या खोलीतल्या एका मोठ्या डिस्कवर आहेत. नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात तिला. अल्बम बनवणारे दोन्ही कॉम्प्युटर तिथूनच फोटो उचलतात. एका लग्नाचं एक फोल्डर. आमच्याकडे बंजाऱ्यांचा अख्खा तांडा दोन-तीन आडनावांत बसतो, म्हणून आडनावानं शोधायची सोय नाही. मी फोल्डरला लग्नात घडलेल्या गोष्टीचं नाव द्यायचो: 'मामा रुसला', 'घोडी पळाली', 'जनरेटर बंद'. आतले फोटो मात्र दर लग्नाला एक नंबरपासून. गिऱ्हाईक दारातून लग्नाचं वर्णन करायचं, आणि ते खुर्चीवर बसायच्या आत मी फोल्डर उघडलेलं असायचं.

दिवाळीत साळा पुण्याहून आला. कॉम्प्युटरवाला आहे. नावं पाहून हसला.

"भाऊजी, 'घोडी पळाली' हे काय फोल्डरचं नाव हाये?"

"मले सापडते ना? झालं तर."

"तुमाले सापडते. उद्या तुम्ही खाटेवर पडले तर ताईनं घोडी कुठं शोधावी?"

बायको आतून हसली. ते मला जास्त लागलं.

माझ्या नोंदवहीची यादी, प्रत्येक लग्नापुढं फोल्डरचं नाव लिहिलेली, कॉम्प्युटरवर होतीच. तिच्यातून गाव, आडनाव आणि वर्ष उचलून सगळी नावं आपोआप बदलणारा प्रोग्राम तो लिहिणार होता. म्हणाला, "दोन दिवस द्या. एक दिवस तर आधी सगळ्याची कॉपी करायलेच लागते."

"दोन दिवस दुकान बंद ठेवू? तुळशीचं लग्न झालं की लोक दारात उभे राहतात. एका दिवसात कर."

"कॉपी न करता?"

"नावं बदलून राह्यला का फोटो? कॉपी कायले पाहिजे?"

तो प्रोग्राम लिहायला बसला. भाव पाडल्यावर होतो तसा मला आनंद झाला.

आधी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं. तिथं फक्त चालू वर्षाची लग्नं होती, सगळी वेगवेगळ्या गावांची. चहा गार व्हायच्या आत नावं बदलली. मग नेटवर्कवर. तिथंही कॉम्प्युटरनं एक तक्रार केली नाही. साळा पेढे खाऊन पुण्याला गेला.

संक्रांतीनंतर जवळच्या तांड्यातला एक बाप आला. मी ओळखलं, त्याच्या मुलीच्या लग्नात जनरेटर तीनदा बंद पडला होता.

"फोटोवाले भाऊ, पोरीचे फोटो पाहिजेत. जावायानं दुसरी आणली. म्हणते, हिच्याशी लग्नच झालं नाही. अल्बम त्याच्या घरी, तो देत नाही. सोमवारी कोर्टात तारीख हाये."

"बसा. आत्ता काढतो."

यादीत पाहिलं. गाव, आडनाव, वर्ष. फोल्डर उघडलं तर वधू भलतीच. त्याच तांड्यात, त्याच आडनावाची, त्याच वर्षी तीन लग्नं झाली होती. तिन्हींना एकच नाव मिळालं, आणि प्रोग्रामनं तिन्ही फोल्डरं एकात ओतली. एक नंबरच्या फोटोवर दुसरा एक नंबर बसला, दोनवर दोन. खालचा पुसला गेला.

मी तिथूनच साळ्याला फोन लावला. काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही. त्याच्या आईबापाला सोडलं, कारण ते माझे सासूसासरे आहेत.

"परत निघतील का, तेवढं सांग!"

"नाही निघत, भाऊजी. वर दुसरे फोटो बसले." मग हळूच म्हणाला, "मी एक दिवस मागतला होता."

फोन कापला. बाप माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं समजलं होतं.

"कायीच नाही का उरलं?"

नुसतं काहीतरी करायचं म्हणून फोल्डर शेवटापासून उलटं बघू लागलो. आणि शेवटी त्याची पोरगी दिसली. जनरेटरच्या भानगडीत ते लग्न लांबलं होतं, फोटो बाकी दोन लग्नांपेक्षा जास्त निघाले होते. जास्तीच्या नंबरांवर बसायला दुसरं काही नव्हतं. एकोणतीस फोटो वाचले होते. माळा, अक्षता, फेरे सगळं गेलं. राहिली फक्त पाठवणी. गळ्यात मंगळसूत्र घालून रडणारी पोरगी, आणि जीपमध्ये शेजारी हार घालून बसलेला तो, दात काढत. हस म्हणून मीच सांगितलं होतं त्याला. हात शिवशिवले.

बाप स्क्रीनजवळ आला. "हाच. याहून काय पाहिजे?"

पाहिजे होतं. फेऱ्यांचा फोटो पाहिजे होता, आणि तो माझ्याकडे होता. इतकी वर्षं सांभाळला आणि एका दिवसाच्या घासाघिशीत घालवला. हे त्याला सांगितलं नाही. एकोणतीसच्या एकोणतीस मोठ्या आकारात छापून दिले.

सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. समोरच्या वकिलानं जीपचा फोटो बराच वेळ पाहिला आणि पुढची तारीख मागितली. "आपला वकील म्हणते, फेऱ्याचा एखादा असता तर आजच तोंड बंद झालं असतं. असंल का हो एखादा?"

"नाही," मी म्हणालो. "कोर्टात सांगायचं असंल तर मी येतो. लग्न मीच काढलं होतं."