प्रेस्कोलाचे दोर

...तर घाबरट म्हणजे किती घाबरट, सांगते ना. ते शेंगांचं टोपलं बाजूला ठेव आधी, नि लिही. प्रेस्कोला म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. नवरा गेला, पण होडी काही तिनं विकली नाही. हिवाळाभर आम्ही या बेटावरनं त्या बेटावर फिरायचो, मासे धरायचे, शंख काढायचे. तेव्हा मी नवी नवरी. नेमनच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या होडीत माशांचा वास नि मला सारखी मळमळ, म्हणून मी वन्संच्या होडीत.

आता आपला हिवाळा तुला ठाऊकच आहे. पूर्वेचा वारा आहे तोवर बेटाच्या पश्चिमेला नांगर टाकावा नि खुशाल झोपावं. पण उत्तरेकडनं थंडी निघाली की वारा फिरतो. दक्षिण, मग पश्चिम, मग वायव्येकडनं असा झोडपतो की कालचा आडोसा आज मरणाची जागा.

प्रेस्कोला वारा फिरायची वाटच बघायची नाही. जरा कुठं गरम झालं, दक्षिणेकडनं झुळूक आली की चालली बाई खाडीत! पार आतपर्यंत शिरायची, नि तिवरांना दोर बांधायची. या काठाला, त्या काठाला, पुढं, मागं. कोळ्याचं जाळंच म्हण. दुसऱ्याला आत यायचं तर वाकून, शिव्या देत. नि त्या हिवाळ्यात दर वेळी ती पळाली नि वारा काही आलाच नाही. आम्ही दोघी खाडीत डास मारत बसलेलो, नि बाहेर सगळे मासे भरून घेतायत.

त्या दिवशी तर काय ऊन! पाणी कसं काचेसारखं. हामूर मासा इतका लागत होता की गडी गळ टाकायचे नि लगेच ओढायचे. प्रेस्कोलानं नांगर उचलायला घेतला.

नेमन ओरडला, "ताई, कुठं निघालीस? ढग तरी दिसतोय का एक?"

"हवा गरम आहे रे."

"मग पदर सैल कर!" सगळे हसले. मी पण हसले, खोटं कशाला सांगू.

"तू येतोस का नाही?"

"तुझ्या दोरांत अडकायला? तू जा, डासांना माझा नमस्कार सांग."

आम्ही खाडीत शिरलो. मी तणतणतेय, ती दोरावर दोर बांधतेय. तुरीचा भात चुलीवर ठेवला नि तेवढ्यात वारा पडला. पक्षी गप्प. वायव्येला पाण्यावर काळी रेघ उठली नि बघता बघता आकाशभर झाली. अंगावर गार वारा आला तशी मला थंडी वाजली, पण ती वाऱ्याची नव्हती गं. माझा माणूस बाहेर होता.

एकेक होडी आत येऊ लागली. कोणी आलं की मी विचारायची, "नेमन?" कोणी म्हणायचं मागं आहे, कोणी म्हणायचं दिसलाच नाही. प्रेस्कोला गुडघ्यावर बसून प्रार्थना करत होती, नि मधेच उठून भावाला शिव्या देत होती. "मेल्या, ये आता! ये, मग बघते तुला!"

मग दिसला. शीड फाटून लोंबत होतं. नांगराचा दोर दगडावर घासून केव्हाच तुटला होता, त्यामुळं होडी थांबवायला हातात काहीच नाही. वाऱ्यानं त्याला खाडीत असं फेकलं जसं कोणी ढकलून दिलंय. नि खाडीच्या टोकाला तर नुसते खडक.

"बाजूला व्हा!" तो ओरडतोय, पण बाजूला कुठं होणार?

त्याची होडी पहिल्या दोरावर आदळली. दोर तुटला, फाडकन. दुसरा ताणला, तिवरं वाकली, मुळं चिखलातनं वर आली... नि थांबली बाई. होडी थांबली!

प्रेस्कोलानं त्याला बखोटीला धरून आमच्या होडीत ओढलं. निळा पडला होता, दात वाजत होते. आधी एक ठेवून दिली, मग कवटाळलं, मग रडली. "माझा चांगला दोर तोडलास."

नेमन म्हणतो कसा, "तुझ्या दोरानं माझा रंग खरवडला."

अशी हसली ती! रडता रडता. मी भात वाढला, तळाला लागलेला, नि तो त्यानं भांड्यातनं खरवडून खाल्ला. बाहेर वारा किंचाळतोय नि आम्ही तिघं एका गोधडीत. तेवढा ऊबदार हिवाळा मला पुन्हा नाही मिळाला.

आता ती नासाऊ शहरात लेकीकडं, पक्क्या घरात. तरी वारा फिरायला लागला की सगळ्या होड्या आत आल्याचं कळेस्तोवर ती जेवत नाही, मला ठाऊक आहे. आजही सकाळपासनं वारा दक्षिणेचा आहे. तू संध्याकाळी तिला फोन लावशील ना? तिला सांग, आजी मघाशी काठीला टेकत खाडीपर्यंत जाऊन बघून आली. सगळ्या होड्या आत आहेत, कोणी बाहेर राहिलेलं नाही. म्हणावं, वन्सं, आता जेवून घ्या.