पैठणीच्या निऱ्यांखाली पंप

कल्पना करा, सकाळचे आठ वाजलेत. इन्सुलिनची दुधट बाटली तुम्ही दोन तळव्यांत हलकेच घोळवता, सिरिंजमध्ये औषध ओढता, पोटाची चिमूट धरता आणि सुई टोचता. टोचण्याची सवय होते. अवघड आहे ते पुढचं. आता दुपारी एक वाजता तुम्हाला जेवावंच लागणार. भूक असो नसो, समोर कुणीही बसलेलं असो. औषध आपल्या वेळेला आपलं काम करणार, आणि पोटात अन्न नसेल तर रक्तातली साखर खाली ओढत नेणार.

लालबागच्या अनुजाने वयाच्या अकराव्या वर्षापासून हे केलं. हिंदमाताच्या एका दुकानात ती साड्या दाखवते. दाखवते म्हणजे काय, गिऱ्हाइकाने नुसतं बोट केलं की पंजाबी ड्रेसवरच साडी गुंडाळून, निऱ्या खोचून, पदर टाकून आरशापुढे उभी! या कामात तिचा हात धरणारं दुकानात कुणी नाही.

पण तिला बस्ता मिळत नसे. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी खरेदी एका बैठकीत. नवरीचा शालू, विहिणीची साडी, मानपानाच्या, करवल्यांच्या. घरची दहा माणसं गादीवर ठाण मांडतात, आणि ज्याने बस्ता उघडला त्यानेच तो बांधून द्यायचा, मधे उठायचं नाही, ही दुकानाची रीत. दोन वर्षांपूर्वी असाच एक बस्ता लांबला. विहीणबाई रंगावर अडून बसल्या आणि जेवणाची वेळ टळून गेली. अनुजाला दरदरून घाम सुटला, जीभ जड झाली आणि ती उघड्या साड्यांच्या ढिगावरच कलंडली. शेजारच्या गादीवरच्या नलूताईंनी धावत येऊन तिच्या गालात साखर कोंबली म्हणून ती सावरली. तेव्हापासून मालक शरच्चंद्रकाकांनी तिला बस्ता देणं बंद केलं. "तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

यंदा डॉक्टरांनी पंप सुचवला. तिच्या नवऱ्याने, राजेशने, पंपाच्या खर्चासाठी मोटारसायकलचा बेत गुंडाळला आणि पुन्हा त्याचं नावही काढलं नाही. पंप म्हणजे आगपेटीहून थोडी मोठी डबी, तिच्यातून निघालेली बारीक नळी आणि पोटाच्या कातडीखाली शिरलेलं इवलंसं मऊ टोक. दोन-तीन दिवसांनी ते टोक बदलायचं. दिवसभर थेंब थेंब इन्सुलिन जात राहतं. जेवण समोर आलं की त्या जेवणापुरतं बटण दाबून घ्यायचं. जेवणाला उशीर, तर बटणालाही उशीर.

पंप नीट बसल्यावरच्या पहिल्या रविवारी ती मुद्दाम तीन वाजता जेवली.

"अगं, भूक लागली असेल," राजेश म्हणाला.

"लागू दे की! इतक्या वर्षांत पहिल्यांदा घड्याळाने नाही, भुकेने जेवतेय."

तुळशीचं लग्न लागलं आणि बस्त्यांचा मोसम सुरू झाला. एका सकाळी काका गल्ल्यावरून म्हणाले, "करी रोडची पार्टी येतेय. घेतेस? पण जरा जरी काही वाटलं तर..."

"लगेच सांगेन, काका."

पार्टी आली. नवरी आकांक्षा गरीब होती, तिची मावशी मात्र तिखट. "ह्यो रंग? लगीन आसा पोरीचा, बारावा नाय!" तीन वाजता नलूताईंनी अनुजाचा डबा गादीच्या कडेला आणून ठेवला. अनुजाच्या अंगावर पैठणी होती, काठावरून मावशीचा आणि नवरीच्या आईचा वाद रंगला होता. तेवढ्यात तिने कमरेला खोचलेल्या पंपाचं जेवणाचं बटण हळूच दाबलं.

जरा वेळाने तिची कंबर किंचाळायला लागली.

"मोबाइल बघ गो आधी. घोव कावलो वाटता!" मावशी म्हणाली. नवऱ्याचं नाव निघताच सगळे हसले. काका मात्र गल्ल्यावरून अर्धे उठले. पंप मुका करून वेळ मारून नेता आली असती. आणि खरं सांगितलं तर बस्ता नलूताईंकडे जाणार.

"मावशी, मोबाइल नाही. माझं इन्सुलिन अडलंय," ती म्हणाली आणि तिथेच निऱ्या सोडल्या. निऱ्यांबरोबर नळीही दुमडून सलवारीच्या नाडीत करकचून खोचली गेली होती. खोचली होती तिनेच, रोजच्या सफाईने! तिने नळी सरळ केली, पंप पुन्हा चालू केला. राहिलेला डोस गेला.

पैठणीचा घोळ जमिनीला लागू नये म्हणून मावशीने तो दोन्ही हातांत उचलून धरला होता. "जेव गो बाय सावकाश. आमचो शालू खंय पळान जाणा नाय." गिऱ्हाइकापुढे गादीवर बसून जेवायची अनुजाची ती पहिलीच वेळ. काका पुन्हा गल्ल्यावर बसले.

तासाभराने तिने साखर तपासली, ती ठीक होती. संध्याकाळी हळदकुंकू लावून तिने बस्ता स्वतःच्या हाताने बांधून दिला.

"उद्या परळची पार्टी आहे. लवकर ये," काका म्हणाले.

रस्त्यावर येताच तिने पंप शिकवणाऱ्या वैदेही मॅडमना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, तीनदा आभार मानले. मग म्हणाली, "पण मॅडम, तुमच्या पुस्तिकेतल्या सगळ्या बायकांनी पंप पँटच्या पट्ट्याला लावलाय. दिवसातून वीस वेळा निऱ्या खोचणाऱ्या बाईने तो नेमका कुठे लावायचा?"