हिरव्या कड्यांची तार

मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींचेही पुढचे दात पुढे. लहानपणी शाळेत चिडवायला आम्हाला एकच नाव होतं आणि ते दोघींनी अर्धं अर्धं वाटून घेतलं होतं. लग्नानंतर मात्र वाटणी बदलली. तिला जवाहरनगरच्या फॅक्टरीचं क्वार्टर मिळालं, आणि मला साकोलीजवळच्या खेड्यातली धानाची शेती. तिचा नवरा फॅक्टरीच्या बसने जातो, ठरल्या वेळी परत येतो. रविवारी ती दुपारची झोपते. तिच्या त्या दुपारच्या झोपेचा मला किती हेवा वाटायचा, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माहेरच्या गावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा होती, म्हणून आम्ही दोघी पोरींना घेऊन गेलो होतो. तिची मुलगी तेरा वर्षांची, माझी तिच्याहून चार महिन्यांनी लहान. चिवड्याच्या ताटल्या आल्या तशी तिच्या मुलीने तोंडात बोट घातलं आणि दातांवरून काचेसारखा पारदर्शक साचा काढून निळ्या डबीत ठेवला.

"अवो बाप्पा, दिसतच नव्हतं!" माझी वहिनी म्हणाली. शेजारच्या बायाही डबीत वाकून पाहू लागल्या.

"अलाइनर म्हणतात याले," बहीण म्हणाली. "नागपूरले जाऊन केलं. तारांची गरजच नाई."

माझी मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिचे दात आमच्यावर गेले होते, शिवाय एक सुळा वर हिरडीतच राहिला होता. बहिणीने तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "ताई, तुय्या पोरीचंही करून घे. आता नाई केलं तं आपल्यासारखी राहीन."

ती 'आपल्यासारखी' म्हणाली होती. मला ऐकू आलं 'तुझ्यासारखी'.

पुढच्याच आठवड्यात मी मुलीला घेऊन भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. मी खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, मले हिच्यासाठी ते न दिसणारं पायजे. साचा असते ते."

"आधी तोंड बघू या," त्या म्हणाल्या.

त्यांनी दात तपासले, माप घेतलं, एक्स-रे काढला आणि तो मला दाखवला. सुळा हिरडीत आडवा पडून होता. त्या म्हणाल्या, "याला हळूहळू ओढून खाली आणायचं आहे. जागा करायला दोन दात काढावेही लागतील. साध्या धातूच्या तारेने हे काम चांगलं होईल. दाताच्या रंगाचे ब्रेसेसही असतात, पण ते जरा लवकर तुटतात. आणि साचा दिवसातले वीस-बावीस तास घालावा लागतो. खाताना काढायचा, दात घासायचे, परत घालायचा."

त्यांचं बोलणं सरळ होतं. पण माझ्या डोक्यात ती निळी डबी बसली होती. मी म्हणाले, "आम्ही खेड्यातले आहो म्हणून तारा सांगून राहिल्या का तुम्ही?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या मुलीलाच विचारलं, "शाळेत डबा खाल्ल्यावर रोज दात घासशील?"

"शाळेच्या नळाले पाणीच राहत नाई," मुलगी म्हणाली. "नि मी तं कुठंही विसरून येईन."

"मग तुला काय लावावंसं वाटतं?"

बाईंनी नमुन्याचं एक कार्ड पुढे धरलं. त्यावर तारेभोवती बसवायच्या रबराच्या बारीक कड्या होत्या, रंगीबेरंगी. मुलीने वाकून पाहिलं आणि एका कडीवर बोट ठेवलं. "हे. हिरव्या."

"अवं, पांढऱ्या घे," मी दबक्या आवाजात म्हणाले. "साऱ्याइले दिसन ना!"

"दिसू दे ना आई. दात तसेही दिसतेच."

दोन दात काढून झाले आणि पुढच्या खेपेला बाईंनी तारा बसवल्या. परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीच्या काचेत तोंड उघडून पाहत होती, आणि मी मनात बहिणीचं बोलणं जुळवत होते, ती हे पाहून काय म्हणेल ते.

पहिले काही दिवस वाईट गेले. ओठाला आतून जखमा झाल्या. ती मऊ भात आणि वरण तेवढं गिळायची. ऊस, फुटाणे, भाजलेलं कणीस बंद. मला मात्र दर महिन्याला भंडाऱ्याची बस धरताना एकच वाटायचं, की बहिणीच्या मुलीला असं काहीच सोसावं लागलं नसेल.

मग पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असताना, बहिणीचा फोन आला. आवाज पडलेला होता. तिच्या मुलीने शाळेत डबा खाताना साचा कागदात गुंडाळून ठेवला आणि कागदासकट फेकला. दुसरा करून आणला, तर ती तो घालेनाच. दात सरकून पुन्हा होते तिथे आले होते. "रोज भांडण होते ताई. मी थकलो आता."

"अरे रे," मी म्हणाले. "लहान आहे, समजन तिले."

फोन ठेवला आणि मी भाजी चिरायला बसले. चिरता चिरता लक्षात आलं, मी गाणं गुणगुणत होते. रोवणीच्या चिखलातून आल्याने कंबर मोडलेली, तरी गुणगुणत होते. माझी सख्खी बहीण फोनवर रडवेली झाली होती आणि मला बरं वाटत होतं. सुरी खाली ठेवली, पण बरं वाटणं काही गेलं नाही.

यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलीचा सुळा खाली आला. बाईंनी तिच्या हातात आरसा दिला, मी मागे उभी होते. आरशात दोघींची तोंडं एकावर एक दिसली. तिचं हसू सरळ होत चाललं होतं. आनंद झालाच, पण त्याच्या आत काहीतरी टोचलं. तिच्या वयाची असताना मला कुणी खुर्चीत बसवून विचारलं नव्हतं, कोणता रंग हवा म्हणून. पोटच्या पोरीवर जळणारी बाई मी आधी कुठे पाहिली नव्हती. त्या दिवशी आरशात पाहिली.

गेल्या महिन्यात बहिणीचा निरोप आला, "तुय्या डॉक्टरचा नंबर पाठवजो." मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी वाटलं, पाठवू. नाही पाठवला. चौथ्या दिवशी ठरवलं, आता पाठवायलाच हवा, आणि नंबर शोधायला बसले.

मुलगी शेजारीच अभ्यास करत होती. "कोणाचा नंबर पाहून राहिली?"

मी सांगितलं.

"मी तं त्याच दिवशी पाठवला मावशीले," ती म्हणाली. "शनिवारी मावशी पोरीले घेऊन भंडाऱ्याले येते. मी पण जातो. तारेत अडकलेलं शीत लहान ब्रशनं कसं काढाचं, ते दाखवाचं आहे तिले."

"मले न विचारता काहून पाठवला?"

तिने वहीतून मान वर केली. माझा प्रश्न तिला खरोखरच कळला नव्हता.

"काहून म्हंजे? तिचे दात वाकडे आहेत ना."