लोड शीटवरचं शून्य

नाला ओलांडून जीप वर चढेपर्यंत ऑइल इंजिनाची फटफट मला स्पष्ट ऐकू येत होती. विहिरीपाशी पोचलो तोवर ती बंद. पाचसहा माणसं गप्प बसलेली, पाटात पाणी अजून वाहतंय, आणि विहिरीला खेटून कडब्याचा एक ढीग. पाण्याच्या ओलीत कडबा कुणी कशाला रचेल?

पारोळ्याच्या अलीकडचं हे गाव. नाव लिहीत नाही. तेव्हा मुंबई राज्य होतं आणि मी सरकारी वीज खात्यात नवा ज्युनियर इंजिनियर होतो. जळगावहून धुळ्याला मोठी लाइन न्यायचं घाटत होतं. माझ्याकडे काम लोड सर्व्हेचं. लोड म्हणजे गाव एकूण किती वीज ओढेल त्याचा अंदाज. आज विहिरींवर जितकी ऑइल इंजिनं, तितके उद्या विजेचे पंप, असं आमचं साधं गणित. मोठ्या लाइनवरून शेतात थेट वीज देता येत नाही, दाब फार असतो. तो उतरवायला मध्ये सबस्टेशन लागतं. सबस्टेशनचा खर्च पुढची कित्येक वर्षं त्या भागातल्या बिलांतून भरून यायला हवा, म्हणून जिथे लोड दिसेल तिथेच ते द्यायचं. आराखडा एकदा मंजूर झाला की त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नसे.

विहीर नानांची. पांढऱ्या मिशांचे, गावात शब्दाला मान असलेले गृहस्थ. मी विचारलं, "नाना, गावात इंजिनं किती?"

"इंजन? एक बी नही शे, साहेब. बठ्ठा कारभार मोटवर चालस."

मोट विहिरीजवळच्या खोपीच्या भिंतीला टांगलेली होती. तिचं कातडं वाळून तडकलं होतं.

"मग पाटात पाणी कुठलं?"

"सकायले मोट चालनी ना!"

जळक्या तेलाचा वास येत होता. एक माणूस हळूच कडब्याच्या पेंढ्या इकडच्या तिकडे करत होता, गरम इंजिनावर कडबा पेटेल या धास्तीनं. पुढच्या विहिरींवरही हाच प्रकार. कागद घेऊन सरकारी माणूस आला म्हणजे इंजिनांवर कर बसणार, अशी गावाची समजूत झाली होती.

मी पाच मिनिटं मांडी घालून बसलो असतो, कागद कशाचा आहे ते सांगितलं असतं, तर नानांनी स्वतःच कडबा बाजूला केला असता. मी तसं केलं नाही. घाई होती असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. मला राग आला होता. चार बुकं शिकलेल्या माणसाला हे लोक तोंडावर बनवतात म्हणजे काय! नाही म्हणता ना? मग नाही. लोड शीटवर इंजिनांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. शेऱ्यासाठी जागा होती, ती कोरी ठेवली. नानांनी खाली अंगठा उठवला आणि मला गुळाचा चहा पाजला. तो मी प्यालोही.

महिन्याभरानं धुळ्याच्या ऑफिसात एक्झिक्युटिव्ह इंजिनियरसाहेब इस्टिमेट घेऊन बसले होते. खर्च मंजुरीच्या वर चालला होता. नानांच्या गावाजवळचं आणि पलीकडच्या गावचं, या दोनपैकी एक सबस्टेशन गाळणं भाग होतं.

"काळी जमीन, विहिरी बक्कळ, आणि इंजिन एकही नाही?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही स्वतः गेला होतात?"

"हो सर."

"हवं तर परत जाऊन या. आठवडा आहे हातात."

एव्हाना माझा राग पार उतरला होता. पण आता खरं सांगायचं, तर आधी खोटं का लिहिलं तेही सांगावं लागणार.

"गरज नाही सर. मी स्वतः पाहिलंय."

साहेबांनी नकाशावरचा नानांच्या गावाजवळचा सबस्टेशनचा चौकोन लाल पेन्सिलीनं खोडला.

पुढे लाइन उभी राहिली. एक टॉवर नानांच्याच शेतात आला. उभं पीक तुडवलं गेलं तरी नानांनी तक्रार केली नाही, उलट सामान ओढायला आपली बैलजोडी दिली. तारा चढल्या त्या दिवशी ते नारळ घेऊन आले. मागे निम्मं गाव.

"साहेब, आमले वीज कव्हय भेटी?"

मी खाली बघत सांगितलं. या तारांतून गावाला वीज मिळणार नाही. सबस्टेशन पलीकडच्या गावाला गेलं. तुमच्या गावात कागदावर एकही इंजिन नव्हतं.

नाना हातातला नारळ टॉवरपाशी ठेवून उठले. मग गावाकडे वळून म्हणाले, "चूक आमनी शे. आम्हीच साहेबले खोटं सांगं. त्यासले काय माहीत?" आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मला सगळं माहीत होतं. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. लाइनमन बघत होते, गाव बघत होतं. मी म्हणालो, "असू द्या नाना, होतं असं कधी कधी." म्हणजे वर मीच त्यांना माफ केलं! हे आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

त्या गावात वीज आली ती फार उशिरा, दुसऱ्या आराखड्यात. तोवर नाना गेले होते.

पुढे मी साहेब झालो. सर्व्हेला निघणाऱ्या नव्या इंजिनियरांना मी बजावत असे, जीप गावाबाहेर उभी करा, चालत जा, आणि शून्य लिहिण्याआधी बसून बोला. बरेच जण वहीत लिहून घेत. एकानं एकदा विचारलं, "सर, तुम्हाला असा काही अनुभव आला होता का?"

मी म्हणालो, "नाही."