आरशांचं पोतं

इकडे उत्तरेत, जानकीपुरममधल्या आमच्या बाइक मेकॅनिककडे एक पोतं आहे. नवी बाइक घेतली की पोरं आधी तिचे आरसे काढायला येतात. आरशांनी म्हणे लूक जातो. मेकॅनिक प्रत्येकाला एकदाच विनवतो, “रहने दीजिए जनाब, पीछे भी दुनिया है.” मग पाना उचलतो. काढलेले आरसे वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर गाडीचा नंबर लिहितो आणि पोत्यात ठेवतो. “मन बदले तो ले जाइएगा.” कोणी परत नेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आमच्या निखिलचे आरसेही त्याच पोत्यात आहेत. मी घरी मराठीत ओरडतो, तो हिंदीत उत्तर देतो, “पापा, अजीब लगता है.” मी माझी स्कूटर घेऊन गेलो की मेकॅनिक हमखास विचारतो, “भैया माने?” म्हणजे, निखिलनं ऐकलं का. मी नाही म्हणतो.

गेल्या मंगळवारी त्याच्या दुकानासमोर एक चेपलेली बाइक उभी होती. वळताना मागून आलेला ट्रक ती चालवणाऱ्या मुलाला दिसलाच नाही; मुलगा जागीच गेला. मेकॅनिक त्या बाइकला पोत्यातले तिचे आरसे बसवत होता. वाकड्या हँडलवर ते बसेनात, तरी पुसून पुसून बसवत होता.

“अब किसलिए?” मी विचारलं.

“लड़के के वालिद गाड़ी लेने आ रहे हैं. शीशे नहीं दिखे तो बेटे को ही कोसेंगे.”

मग त्यानं पोत्याचं तोंड बांधलं आणि माझ्या स्कूटरची चावी घेतली. भैया माने का, हे त्या दिवशी त्यानं विचारलं नाही.