बाया गेल्या, बुरशी राहिली

लेक दोन वर्षांची असताना तिला कांजिण्या आल्या आणि तिच्या पाठोपाठ मला. आमच्या कोपरगावकडच्या गावात कांजिण्या म्हणत नसत, बाया आल्या म्हणत. अंगात देवीच उतरली म्हटल्यावर माझा थाट काय विचारता. उशाशी कडुनिंब, घरात फोडणी बंद, आणि एरवी माझ्या भाकरीत खोट काढणाऱ्या सासूबाई दोन्ही वेळा माझ्या पाया पडत. लेक माझ्या कुशीतच निजायची. दूर राहा असं कुणी कुणाला म्हटलं नाही.

खपल्या पडल्यावर दहीभात देऊन बायांना बोळवलं आणि माझा थाटही त्यांच्याबरोबर गेला. थोड्याच दिवसांत जिभेवर, टाळ्याला पांढरा थर चढला. दही राहिलं असेल समजून मी तो फडक्याने पुसायची, तर खालून रक्त यायचं. शेवटी पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा नवऱ्याने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी माझ्या तोंडात बॅटरी मारली आणि नवऱ्याला विचारलं, "काम काय करता?" तो कारखान्याची साखर ट्रकने मुंबईला न्यायचा. डॉक्टर म्हणाले, दोघांचंही रक्त नगरला तपासायला पाठवू. त्या काळी ट्रक, मुंबई आणि रक्त एवढं ऐकलं की शेंबडं पोरही एड्स म्हणायचं. परतताना एसटीत आम्ही एका बाकावर बसलो, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. मला त्याचा संशय आला, आणि त्यालाही माझा येत असेल या विचाराने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यात गावचं कुणीतरी असतंच. बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. माझं ताट, तांब्या वेगळा निघाला. लेक माझ्याकडे झेपावली तर सासूबाईंनी तिला उचलून शेजारी नेलं. राग यायला हवा होता. मला नुसती लाज वाटत होती, जणू मी काही केलंच होतं. निकाल येईपर्यंत भिंतीपलीकडून लेकीचं रडणं ऐकत राहिले.

रक्त दोघांचंही चांगलं निघालं. "तोंडात बुरशी झालीय," डॉक्टर म्हणाले. "कांजिण्यांनी अंगातली ताकद गेली, तिला फावलं. इतकी घशापर्यंत उतरलेली क्वचितच बघतो." त्यांनी तोंडात लावायला जांभळं औषध दिलं. घरी आल्यावर नवरा अंगणातल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तसलं काय न्हाई. बुरशी हाय निसती."

लेकीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई विचारात पडल्या. बुरशी त्यांना ठाऊक होती, लोणच्यावर येते ती. आणि लोणच्यावर ती का येते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नसे. "बाजूला बसायच्या दिवसांत बरनीला हात लावला हुतास व्हय?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

नव्हता लावला. असल्या खुळेपणावर एरवी मी चांगलं तोंड सोडलं असतं. नवऱ्याकडे पाहिलं, तो चपला काढत बसला होता.

"व्हय," मी म्हणाले. "चुकलं माझं."

बायकांचे चेहरे सैल झाले. सासूबाईंनी माझी अक्कल काढली, माहेर काढलं, आणि बोलता बोलताच लेकीला माझ्या मांडीवर दिलं. लाजेने माझी मान वर होत नव्हती. लेकीला मात्र मी सोडलं नाही.